रस्ता-वाहतूक व हवेतील विषारी धातू

मोटारगाड्या, स्कूटर, बसगाड्या, मालमोटारी इ. वाहनांच्या वर्दळीमुळे हवेत जे सूक्ष्म कण मिसळतात, त्यांत काही धातू व त्यांची संयुगे असतात. त्यांपैकी शिसे, कॅडमियम, निकेल, अँटिमनी, क्रोमियम इ. धातू विशिष्ट प्रमाणापलीकडे व विशिष्ट रासायनिक रूपांत शरीरास अपायकारक ठरतात. हे धातू हवेत मुख्यतः तीन मार्गांनी येतात : (१) इंधन व वंगणतेल यांच्या ज्वलनातून निघणारा धूर, (२) ब्रेकचे अस्तर, टायर, क्लच व एंजिनाचे भाग यांची झीज आणि (३) रस्त्यावर साचलेली धूळ चाकांमुळे पुन्हा उडणे. वाहनांच्या धुरातील बहुतेक प्रदूषके ज्वलनाची अपरिहार्य उपपत्ती म्हणून निर्माण होतात. शिसे मात्र पेट्रोलात हेतुपुरस्सर मिसळले जात होते. त्यामुळे ते काढून टाकणे हा तंत्रविद्येचा जेवढा, तेवढाच निर्णयाचा प्रश्न होता. भारतात हा निर्णय टप्प्याटप्प्याने अमलात आला. त्याचा लाभ प्रथम मुंबईसारख्या महानगरांना, नंतर अन्य मोठ्या शहरांना व सर्वांत शेवटी ग्रामीण भागाला मिळाला.

पेट्रोलात शिशाचा प्रवेश : पेट्रोल व हवा यांचे मिश्रण एंजिनाच्या सिलिंडरात अधिक दाबले, तर जास्त शक्ती मिळते, परंतु मिश्रणाचा काही भाग वेळेपूर्वी व एकदम पेटून ठोके पडू लागतात आणि एंजिनाची हानी होते. हा दोष टाळण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन अंकाने दर्शवितात. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या डेटन येथील प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना ९ डिसेंबर १९२१ रोजी असे आढळले की, टेट्राएथिल लेड हे शिशाचे कार्बनी संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळल्यास ठोके थांबतात. हे संयुग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रसायनशास्त्रज्ञांना माहीत होते, पण त्याचा काही व्यावहारिक उपयोग नव्हता. शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री डेटन येथेच फेब्रुवारी १९२३ मध्ये सुरू झाली.

धोक्याची सूचनाही तेवढ्याच लवकर मिळाली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सी राज्यातील बेवे येथील कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार विषबाधेने मरण पावले व इतर अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने परिषद भरविली. तीत यँडेल हेंडरसन, ॲलिस हॅमिल्टन इ. तज्ञांनी हे शिसे रस्त्यांवरील हवेत पसरून सामान्य जनतेला हळूहळू बाधा करील, असा इशारा दिला. तथापि १९२६ मध्ये तज्ञसमितीने बंदी घालण्यास पुरेसे कारण दिसत नाही असा अभिप्राय दिला आणि काही काळ थांबलेली विक्री पूर्ववत सुरू झाली. अपाय सिद्ध होईपर्यंत पदार्थ निर्धोक मानावयाचा, ही भूमिका त्यानंतर सु. चार दशके टिकली.

कणांचे स्वरूप व प्रसार : टेट्राएथिल लेडाच्या ज्वलनाने शिशाचे ऑक्साइड तयार होऊन ते सिलिंडरात व ठिणगीगुडदीवर साचते. ते बाहेर घालविण्यासाठी पेट्रोलात एथिलीन डायब्रोमाइड व एथिलीन डायक्लोराइड हीही मिसळीत. त्यामुळे शिशाची बाष्पनशील संयुगे, मुख्यतः लेड ब्रोमोक्लोराइड, धुराबरोबर बाहेर पडून थंड होताच अतिसूक्ष्म कणांच्या रूपात घनीभूत होत. इंधनातील शिशापैकी सर्वसाधारणपणे सत्तर ते पंचाहत्तर टक्के भाग अशा रीतीने हवेत जाई व उरलेला एंजिन, वंगणतेल आणि धूरनळी यांत राही.

यांपैकी मोठे कण रस्त्याच्या कडेलाच पडतात. म्हणून मातीतील व गवतावरील शिसे रस्त्यालगत सर्वांत जास्त असते आणि काही दशक मीटर अंतरात ते झपाट्याने कमी होते. एक मायक्रोमीटरपेक्षा लहान कण मात्र हवेत अनेक दिवस तरंगत राहून दूरवर जातात व पावसाबरोबर खाली येतात. शिसे हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होत नाही. मातीच्या वरच्या थरातील सेंद्रिय द्रव्ये व चिकणमाती यांना ते घट्ट चिकटून राहते आणि रस्त्याची धूळ उडाली की पुन्हा हवेत येते.

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण भागातील रस्त्यांच्या रचनेवरून ही क्रिया स्पष्ट होते. पुणे–सातारा महामार्ग (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्र. ४, आता क्र. ४८) कात्रजचा डोंगर ओलांडून खेड शिवापूरवरून भोर तालुक्यातील नसरापूरजवळ येतो. तेथून पश्चिमेकडे फुटणारा रस्ता मार्गासनीवरून वेल्ह्याकडे जातो. राजगड व तोरणा या किल्ल्यांकडे जाणारी वाहतूकही याच रस्त्याने होते. पुण्याहून मार्गासनीस पोहोचण्यास सु. ५० किमी. प्रवास करावा लागतो. एका लिटरमध्ये १० किमी. जाणाऱ्या मोटारीला त्यासाठी ५ लिटर पेट्रोल लागेल. त्या पेट्रोलात दर लिटरला ०·५६ ग्रॅम शिसे असल्यास प्रवासात एकूण २·८ ग्रॅम शिसे वापरले जाऊन त्यांपैकी सु. २ ग्रॅम वाटेवरच्या हवेत सोडले जाई. हे प्रमाण किती मोठे होते, हे मानकांशी तुलना केल्यास कळते. निवासी भागातील हवेत शिशाची १९९४ ची वार्षिक कमाल मर्यादा दर घन मीटरला ०·७५ मायक्रोग्रॅम एवढी होती. म्हणजे २ ग्रॅम शिसे सव्वीस लाखांहून अधिक घन मीटर हवेत समप्रमाणात मिसळले, तरच ते त्या मर्यादेत राहील. महामार्गावरील अशा हजारो फेऱ्यांचे शिसे प्रथम महामार्गाच्या कडेच्या जमिनीत साचते. फाट्यावरून आत वळणाऱ्या रस्त्यावर वाहने थोडी असल्याने तेथे ते त्या मानाने कमी पडते. सूक्ष्म कण मात्र तालुक्यांच्या सीमा ओळखत नाहीत.

शरीरावरील परिणाम : श्वासाबरोबर आत गेलेले सूक्ष्म कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात व त्यांतील बरेचसे शिसे रक्तात मिसळते. धूळ, अन्न व पाणी यांवाटे ते पोटात जाते. प्रौढाच्या आतड्यात यांपैकी सु. एक-दशांश शिसे शोषले जाते, तर लहान मुलांत हे प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकते. लोह व कॅल्शियम यांची उणीव असलेल्या मुलांत शोषण आणखी वाढते. मुले जमिनीलगत खेळतात व हात तोंडात घालतात, त्यामुळे रस्त्यावरच्या धुळीचा उपसर्ग त्यांनाच अधिक होतो.

शिसे रक्तारुण (हीमोग्लोबिन) तयार करणाऱ्या एंझाइमांच्या कार्यात अडथळा आणते व त्यामुळे पांडुरोग संभवतो. कॅल्शियमाशी साधर्म्य असल्यामुळे ते हाडांत साठते व तेथे अनेक वर्षे राहते. गरोदरपणी ते हाडांतून रक्तात उतरून गर्भापर्यंत जाऊ शकते. वाढत्या वयात मेंदूवर होणारे परिणाम सर्वांत गंभीर असतात. बुद्ध्यंक घटणे, एकाग्रता कमी होणे व वर्तनातील दोष ही त्याची लक्षणे असून ती बहुधा कायमची असतात. प्रौढांत रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडांना इजा होते. मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम हे प्रमाण १९९१ पासून अमेरिकेत चिंतेची पातळी मानले जाई. तेथील संदर्भमूल्य २०१२ मध्ये ५ व २०२१ मध्ये ३·५ मायक्रोग्रॅम करण्यात आले. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

वैज्ञानिक पुरावा : हवेतील शिशाबाबतच्या समजुतीला निर्णायक धक्का वैद्यकाने नव्हे, तर भूरसायनशास्त्राने दिला. पृथ्वीचे वय सु. ४५५ कोटी वर्षे असल्याचे शिशाच्या समस्थानिकांवरून १९५६ मध्ये निश्चित करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटर्सन यांना आपल्या प्रयोगशाळेतील प्रत्येक वस्तूवर शिशाचा संसर्ग आढळत होता. त्याचा शोध घेताना १९६५ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले की, तत्कालीन माणसाच्या शरीरातील ‘नेहमीचे’ म्हणून मानले जाणारे शिसे हे नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट आहे. ग्रीनलंडमधील बर्फाच्या थरांच्या अभ्यासातून (१९६९) शिशाचे प्रमाण औद्योगिक क्रांतीनंतर वाढत गेले व १९४० नंतर ते झपाट्याने वाढले, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले आणि ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांची बौद्धिक कसोट्यांतील कामगिरी कमी, असा संबंध दाखविला. यापैकी कोणत्याही मुलात विषबाधेची उघड लक्षणे नव्हती.

अमेरिकेत १९७५ पासून नव्या मोटारींना उत्प्रेरकी परिवर्तक बसविण्यात येऊ लागले. धुरातील कार्बन मोनॉक्साइडासारखे वायू निरुपद्रवी करणाऱ्या या साधनातील प्लॅटिनमावर शिशाचा थर बसताच ते निकामी होते. त्यामुळे शिसेमुक्त पेट्रोलाची गरज आरोग्याखेरीज यंत्राच्या दृष्टीनेही निर्माण झाली. १९७६–८० या काळात तेथील पेट्रोलातील शिशाचा वापर घटत गेला व त्याच काळात लोकांच्या रक्तातील शिशाची सरासरी सु. ३७ टक्क्यांनी उतरली. इंधनातील शिसे व माणसाच्या रक्तातील शिसे यांचा संबंध याहून स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल.

महाराष्ट्रातील परिस्थिती व अभ्यास : मुंबईजवळ तुर्भे येथे १९५४ व १९५५ मध्ये दोन खनिज तेल परिष्करण कारखाने सुरू झाले आणि राज्यातील पेट्रोलाचा पुरवठा प्रामुख्याने त्यांतून होऊ लागला. १९७० नंतर दुचाकी वाहनांची संख्या वेगाने वाढली. १९७२ मध्ये बजाज कंपनीची चेतक स्कूटर व कायनेटिक कंपनीची लूना ही मोपेड बाजारात आली. या दोन्ही कंपन्या पुणे परिसरातील असून सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे पुढील दोन-तीन दशकांत दुचाकी वाहनांचे शहर बनले. या वाहनांच्या दोन-धावी एंजिनांत पेट्रोलाबरोबर वंगणतेलही जळते. त्यामुळे धुरात कणांचे प्रमाण मोठे असे व शिशाबरोबर वंगणतेलातील जस्तही त्यात येई.

हवेतील धातूंच्या मापनाचे आद्य कार्य तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले. बृहन्मुंबईच्या वातावरणातील शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे व लोह यांविषयीचा आर. एन. खांडेकर व त्यांचे सहकारी यांचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे याच केंद्रातील संशोधकांनी नागरिकांच्या रक्तातील धातूही मोजले. मुंबईच्या विविध भागांतील शाळकरी मुलांच्या पाहणीत (२००१ मध्ये प्रसिद्ध) रक्तातील शिशाची स्थानिक सरासरी दर डेसिलिटरला ८·६ ते १४·४ मायक्रोग्रॅम आढळली. हवेतील शिसे दर घन मीटरला १ मायक्रोग्रॅमने वाढल्यास मुलांच्या रक्तातील शिसे दर डेसिलिटरला सु. ३·६ मायक्रोग्रॅमने वाढते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. परदेशांत सिद्ध झालेला संबंध येथील मुलांनाही लागू आहे, याचा हा स्थानिक पुरावा होय.

शिसेमुक्त पेट्रोलाकडे वाटचाल : हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९८१ मध्ये व पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ मध्ये संमत झाला. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासूनच अस्तित्वात होते. तथापि पेट्रोलातील शिशाबाबत हालचाल झाली ती एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेच्या ओघात. वाहनांच्या प्रदूषणावर उपाय सुचविण्यासाठी १९९१ मध्ये न्यायमूर्ती के. एन. सैकिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली व पुढे शिसे कमी करण्याचा कालबद्ध कार्यक्रम ठरला. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे होते : जून १९९४ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे दर लिटरला ०·१५ ग्रॅमपेक्षा जास्त शिसे नसलेले पेट्रोल; १ एप्रिल १९९५ पासून याच चार महानगरांत उत्प्रेरकी परिवर्तक बसविलेल्या नव्या मोटारींसाठी शिसेमुक्त (कमाल ०·०१३ ग्रॅम) पेट्रोल; १ जानेवारी १९९७ पासून देशभर कमी शिशाचे पेट्रोल; १९९८ अखेर राज्यांच्या राजधान्या व मोठी शहरे यांत शिसेमुक्त पेट्रोलाची उपलब्धता; आणि १ फेब्रुवारी २००० पासून सर्व देशात केवळ शिसेमुक्त पेट्रोल.

या क्रमाला व्यावहारिक कारणे होती. शिसे काढल्यावर ऑक्टेन अंक राखण्यासाठी उत्प्रेरकी पुनर्घटन, समघटकीकरण यांसारख्या प्रक्रियांची संयंत्रे उभारावी लागतात व ती सर्व कारखान्यांत एकदम उभी राहत नाहीत. वाहनांची गर्दी महानगरांत सर्वाधिक असल्याने तेथे आधी सुधारणा केल्यास जास्तीत जास्त लोकांना लाभ होणार होता. परंतु याचा अर्थ असाही झाला की, जून १९९४ पासून १९९६ च्या अखेरपर्यंत मुंबईत विकल्या जाणाऱ्या पेट्रोलात जेवढे शिसे होते, त्याच्या जवळजवळ चौपट शिसे असलेले पेट्रोल नियमानुसार ग्रामीण भागातील पंपांवर विकता येत होते. मुंबई व सातारा यांमधील महामार्ग एकच. त्यावरील वाहनेही बहुधा तीच. तरी त्यांच्या धुरातील शिशाचे प्रमाण टाकी कोणत्या गावी भरली यावर अवलंबून होते. संरक्षणाचा हक्क निवासस्थानावरून ठरण्याची ही अवस्था १ जानेवारी १९९७ रोजी बरीच कमी झाली व १ फेब्रुवारी २००० रोजी संपली.

परिणाम : मुंबईत १९९७ च्या सुमारास जॉर्ज फाउंडेशन या संस्थेने केलेल्या पाहणीत बारा वर्षांखालील ६१·८ टक्के मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे आढळले होते. शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यानंतर, २००२ मध्ये, मुंबईतील ७५४ मुलांची तपासणी करण्यात आली, तेव्हा हे प्रमाण ३३·२ टक्के होते. थोड्या वर्षांत एवढी घट होणे हे सार्वजनिक आरोग्यातील मोठे यश आहे. मात्र पेट्रोल बदलल्यावरही दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात जास्त शिसे होते, ही बाबही तेवढीच महत्त्वाची आहे. जुन्या धुळीत व मातीत साचलेले शिसे, रंग, शिसे-अम्ल विद्युत् घटमाला वितळविण्याचे छोटे उद्योग आणि अन्नातील भेसळ ही त्याची अन्य कारणे होत. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम भारतात २०१६ मध्ये करण्यात आले.

जगात मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया हा होता. तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली व शिसेयुक्त पेट्रोलाचे युग संपल्याची घोषणा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ऑगस्ट २०२१ मध्ये केली. लहान विमानांच्या इंधनात मात्र शिशाचा वापर त्यानंतरही चालू राहिला.

शिशानंतरचे धातू : शिसे गेल्यावर वाहतुकीतून येणाऱ्या धातूंमध्ये झिजेतून निर्माण होणाऱ्या धातूंचे महत्त्व वाढले. ब्रेकच्या अस्तरात तांबे, अँटिमनी, बेरियम, लोह इ. असतात. ब्रेक दाबताना घर्षणाने तापून त्यांचे सूक्ष्म कण उडतात. हवेच्या नमुन्यात तांबे व अँटिमनी एकत्र आढळल्यास ते ब्रेकच्या झिजेचे निदर्शक मानतात. टायरच्या रबरात वजनाच्या सु. १ टक्का जस्त असते. वंगणतेल व डीझेल यांतून जस्त, निकेल व व्हॅनेडियम यांचे अंश येतात, तर उत्प्रेरकी परिवर्तकातून प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम अत्यल्प प्रमाणात सुटतात. ब्रेकची झीज सपाट रस्त्यापेक्षा चौकात व घाटात जास्त होते. कात्रजसारख्या लांब उतारावर भरलेल्या मालमोटारी सतत ब्रेक दाबीत उतरतात. त्यामुळे अशा ठिकाणी वाहनांची संख्या तेवढीच असली, तरी धातूंचे उत्सर्जन वाढते.

पुण्याच्या हवेतील कणांचे उगम ठरविण्याचे काम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासात पुण्यातीलच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेने केले. रस्त्यावरून पुन्हा उडणारी धूळ हा १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचा प्रमुख उगम असल्याचे त्यातून दिसून आले. जुन्या वाहतुकीचे धातू याच धुळीबरोबर पुन्हा श्वासात येतात. रस्त्याच्या कडा पक्क्या करणे व धूळ कोरडी न झाडता ओली करून किंवा यंत्राने शोषून काढणे, हे उपाय म्हणूनच धूरनियंत्रणाइतके महत्त्वाचे ठरतात.

मानके व नियंत्रण : भारतातील परिवेशी हवेची सुधारित मानके १८ नोव्हेंबर २००९ रोजी जाहीर झाली. त्यांत दर घन मीटरला शिशाची वार्षिक मर्यादा ०·५ मायक्रोग्रॅम, आर्सेनिकाची ६ नॅनोग्रॅम व निकेलाची २० नॅनोग्रॅम अशी आहे. १९९४ च्या मानकांत औद्योगिक, निवासी व संवेदनशील क्षेत्रांसाठी शिशाच्या वेगवेगळ्या मर्यादा होत्या. २००९ च्या मानकांत हा भेद शिशाबाबत राहिला नाही. तांबे, अँटिमनी व जस्त यांना त्यांत मर्यादा नाही. धुरावरील नियंत्रणातही प्रारंभी जुनाच क्रम दिसतो : भारत स्टेज–४ मानके मुंबई, पुणे, सोलापूर इ. तेरा शहरांत २०१० मध्ये व संपूर्ण देशात १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली. भारत स्टेज–६ मानके मात्र नव्या वाहनांसाठी १ एप्रिल २०२० पासून शहर व खेडे असा भेद न करता देशभर एकाच दिवशी लागू करण्यात आली.

ही मानके धूरनळीतून बाहेर पडणाऱ्या उत्सर्जनापुरती आहेत. ब्रेक व टायर यांच्या झिजेला ती लागू होत नाहीत. कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या अमेरिकेतील राज्यांनी ब्रेकच्या अस्तरातील तांबे कमी करण्याचे कायदे २०१० मध्ये केले. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या युरो–७ नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली. विजेवरील वाहनांत धूर नसतो व वेग कमी करताना विद्युत् चलित्राचे साहाय्य मिळत असल्याने ब्रेकची झीजही घटते. परंतु घटमालेमुळे त्यांचे वजन वाढते, त्यामुळे टायरची झीज व रस्त्याची धूळ यांचा प्रश्न शिल्लक राहतो.

शिशाच्या इतिहासावरून असे दिसते की, हवेतील धातू त्याच्या उगमाशी थांबविणे हा त्यावरील सर्वांत परिणामकारक उपाय आहे. एकदा जमिनीत उतरलेला धातू तेथून गोळा करता येत नाही. बेवेची दुर्घटना व भारतातील शिसेमुक्त पेट्रोल यांमध्ये पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. या काळात रस्त्यांच्या कडेला साचलेले शिसे महामार्गांलगतच्या शेतांत व गावांच्या धुळीत पुढील अनेक पिढ्या राहणार आहे.